पोटखराब्यावरची वीज



आपल्यापैकी ज्यांच्या नावावर जमिनीचा लहानसा तुकडा असेल, त्यांना सातबाऱ्याचा उतारा काही नवा नाही. त्या उताऱ्यावर एक शब्द हमखास भेटतो – पोटखराबा. ज्या जमिनीवर नांगर चालत नाही, जी लागवडीला योग्य नाही, ती जमीन या शब्दाखाली जाते. खडक, नाला, कातळ, माळ, सारे या एका शब्दात बसते. महसूल खात्याने तो आपल्या सोयीसाठी योजला, आणि त्या कामापुरता तो ठीकच आहे. सारा कोणत्या जमिनीचा घ्यायचा, एवढेच त्याला सांगायचे असते. घोटाळा होतो तो पुढे. "नांगराला निकामी" याचा अर्थ हळूहळू "कशालाच कामाची नाही" असा होऊन बसतो. मग कोणी विजेच्या प्रकल्पासाठी जागा शोधायला निघाला की त्याचे बोट नकाशावर नेमके तिथेच टेकते. तो म्हणतो, ही जमीन मोकळीच आहे.

ती खरोखर मोकळी असते का, हे पाहायचे कसे आणि पाहायचे कोणी, याविषयी आज चार गोष्टी आपल्याशी बोलायच्या आहेत.

आधी एक खुलासा करतो. विजेची गरज मी आपल्याला सांगायला नको. रात्री दोन वाजता वीज येणार म्हणून कंदील आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी ती जाणतो. शेताला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि तिच्याखाली गावोगावी सौर प्रकल्प उभे राहत आहेत. हे काम हवेच आहे. पण सूर्यापासून एक मेगावॅट वीज घ्यायची तर साधारण चार-पाच एकर जमीन लागते. म्हणजे प्रश्न विजेचा तसा जागेचाही आहे. वीज हवी हे ठरल्यावर ती कोठे करायची, हे ठरवणे उरतेच. आणि आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाला नेहमी घाईघाईने उत्तर दिले गेले आहे.

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट घ्या. पुणे जिल्ह्यात मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला टाटांच्या कंपनीने धरण बांधायचे ठरवले. पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिरा येथे उतरवून मुंबईसाठी वीज करायची, अशी ती योजना. अभियंत्याच्या दृष्टीने जागा उत्तमच होती. पाऊस भरपूर, आणि खाली कोकणात एकदम मोठा उतार. पण ते खोरे आंबेमोहोर भाताचे होते, आणि त्यात पन्नासेक गावे नांदत होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी तेथे सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांनी तो चालवला. तीन वर्षे झुंज झाली, आणि शेवटी धरण झाले. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली चालू झाले.

या हकिकतीतली एक बाब फारशी सांगितली जात नाही. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा जो अभ्यास केला आहे, त्यात ती आली आहे. खोऱ्यातली पुष्कळ जमीन कागदोपत्री सावकारांच्या नावावर होती. भरपाई द्यायची वेळ आली तेव्हा कागद पाहिला गेला. कागदावर ज्याचे नाव, त्याच्या हाती पैसा. पिढ्यान् पिढ्या चिखलात उभे राहून भात लावणारे कूळ त्या कागदावर नव्हते, म्हणून ते हिशेबातही नव्हते. आपल्या देशात ही चूक कायद्याने सुधारायला २०१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या भूमिसंपादन कायद्याने जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला सांगितले, आणि त्या जमिनीवर पोट भरणारी कुळे व भूमिहीन मजूर हेही बाधित कुटुंबात धरले. १९२१ ते २०१३. मोजा, ब्याण्णव वर्षे झाली.

मुळशीला कागदाने माणसे दाखवली नाहीत. कोयनेला जमिनीच्या पोटातले दिसले नाही. कोयनेचे धरण महाराष्ट्राच्या अभिमानाचा विषय आहे, आणि असावाच. पोफळीचे डोंगराच्या पोटातले वीजघर, आणि चारी टप्पे व पायथ्याचे वीजगृह मिळून १९६० मेगावॅटची क्षमता, हे काम लहान नाही. धरणाचा जलाशय १९६२ पासून भरू लागला. त्या काळी दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, येथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशीच समजूत होती. पाणी साठू लागले आणि लहान लहान हादरे जाणवू लागले. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, माणसे झोपेत असताना, सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर कोसळले. सुमारे पावणेदोनशे माणसे गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले, हे आपले नशीब आणि बांधणाऱ्यांचे कौशल्य.

मोठ्या जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळते, याचे जगभर दिले जाणारे उदाहरण आज कोयना हे आहे. भूकंपप्रवणतेच्या नकाशात या भागाची श्रेणी पुढे बरीच वर नेण्यात आली. शास्त्रज्ञांनी अलीकडे कोयना भागात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाची तपासणी केली आहे. आता कोणी म्हणेल, १९५० च्या सुमारास हे ठाऊकच नव्हते, तर दोष कोणाला द्यायचा? दोष कोणाला देऊच नये. पण एवढे शिकावे की ज्या दिवशी आपण जागा ठरवतो, त्या दिवशी त्या जमिनीविषयीचे आपले ज्ञान अपुरे असते. म्हणून आधी जितके पाहता येईल तितके पाहावे, आणि नंतरही पाहणे सोडू नये.

आता पोटखराब्याकडे येतो. सातारा शहराच्या नैर्ऋत्येला, सज्जनगड-ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचे पठार आहे. जांभ्या खडकाचा हा सपाट माळ. आमच्याकडे त्याला सडा म्हणतात. वारा असा की माणसाला उभे राहू देत नाही. अशा जागी पवनचक्की यायचीच, आणि १९९० नंतरच्या दशकात त्या आल्या. धूर नाही, राख नाही, गाव उठवावे लागत नाही. कोणालाही वाटावे, यापेक्षा चांगली जागा दुसरी कोणती?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकेर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी या पठारावर अभ्यास केला, आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांची रीत अगदी साधी होती. पठाराचा काही भाग पवनचक्क्यांचा आणि काही भाग पवनचक्क्यांशिवायचा. दोन्हींकडे पाऊस तोच, गवत तेच, खडक तोच. मग दोन्हीकडचे जीव मोजायचे. त्यांना आढळले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे ससाण्या-शिक्र्यांच्या जातीचे, जवळजवळ चौपटीने कमी आहेत. आणि सरडे? ते तिथे जास्त आहेत.

सरडे वाढले तर बिघडले काय, असे आपण विचाराल. मोजणी तिथेच थांबली असती तर आपणही थांबलो असतो. पण त्यांनी सरड्यांचे रक्त तपासले, त्यांच्या जवळ चालत जाऊन पाहिले. वरून झडप घालणारा शत्रूच नाही म्हटल्यावर त्या सरड्यांची धास्ती कमी झाली होती. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. नराच्या गळ्याशी निळा, काळा, नारिंगी असा पंखा उघडतो. त्याचे रंगही फिके पडले होते. सरडे वाढले म्हणजे त्यांच्यातली खाण्यासाठीची ओढाताणही वाढली. एक पाते आकाशात फिरते आणि त्याचा परिणाम जमिनीवर सरपटणाऱ्या जिवाच्या गळ्याच्या रंगापर्यंत पोहोचतो, असा हा प्रकार आहे.

याच सरड्याची आणखी एक गंमत आहे. शास्त्रात त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले ते २०१६ साली, आणि त्याच्या कुळाला नाव दिले गेले "सरडा", आपल्या मराठीतलेच. त्या जातीची नोंद ज्या जागेवरून झाली ती जागा म्हणजे हेच चाळकेवाडी. ध्यानात घ्या, पवनचक्क्या आधी आल्या. तिथे राहणाऱ्या जिवाचे नाव शास्त्राच्या पुस्तकात नंतर लिहिले गेले.

म्हणून पवनचक्क्या उपटून टाका, असे मी म्हणत नाही, आणि त्या संशोधकांच्या कामाचाही तो अर्थ नव्हे. त्यांनी पठारावर पक्षी आणि सरडे मोजले तेव्हा चक्क्यांना पंधरा-वीस वर्षे होऊन गेली होती. हेच मोजमाप आधी झाले असते, तर कदाचित चक्क्यांची रांग थोडी सरकवता आली असती, काही माळ पक्ष्यांना मोकळा ठेवता आला असता. आपला मुद्दा एवढाच.

आता आपण म्हणाल, यासाठी सरकारी नियम असतील की. आहेत. प्रकल्पापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास करण्याची सक्ती आपल्याकडे २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने आली. १९९७ साली तीत जनसुनावणीची तरतूद झाली. १४ सप्टेंबर २००६ ला नवी अधिसूचना निघाली. मोठे औष्णिक, जल आणि अणुवीज प्रकल्प तिच्या यादीत येतात. सौर आणि पवन प्रकल्प मात्र यादीत नाहीत. धूर नाही तर अपाय नाही, असा त्यामागचा हिशेब. चाळकेवाडीचे सरडे या हिशेबाला मान्यता देणार नाहीत.

दुसरी अडचण ऋतूची आहे. पुष्कळ प्रकल्पांच्या अभ्यासासाठी हवा, पाणी, जमीन यांची जी माहिती गोळा करतात, ती एका ऋतूची असली तरी चालते, आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. मोजण्याच्या यंत्रांच्या दृष्टीने याला कारणे असतील. पण सड्याचे काय होते पाहा.

काही वर्षांपूर्वी श्रावणात विद्यार्थ्यांना घेऊन मी साताऱ्याकडच्या एका सड्यावर गेलो होतो. एक म्हातारे धनगर मेंढरे चारत होते. मी विचारले, "मामा, हा माळ मोजायला कोणी येतं का कधी?" ते म्हणाले, "येत्यात की मास्तर. पर समदी उन्हाळ्यात. तवा वाट सुकी असतीया नव्हं. तवा हितं काय दिसनार? दगूड."

मामांनी एका वाक्यात जे सांगितले, ते मला तासभर व्याख्यान देऊनही सांगता आले नसते. मे महिन्यात सडा म्हणजे तापलेला तवा. तोच सडा भाद्रपदात पाहा. जांभ्याच्या खळग्यांतून पाणी साठलेले असते. बोटभर मातीत गवत, तेरडा, सीतेची आसवे. माती इतकी निकस की काही रोपटी किडे खाऊन आपली भूक भागवतात. तेथे मुरलेले पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला जाऊन मिळते, आणि उन्हाळ्यात वाडीतल्या बाया हंडा भरतात तो त्याच पाण्याने. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेही याच जातीचे पठार आहे. रत्नागिरीच्या सड्यांवर जुन्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत, आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत आहेत. सातबाऱ्याच्या भाषेत मात्र हा सारा कातळच.

मग जागा ठरवावी कशी? इयान मॅकहार्ग नावाच्या अमेरिकेतल्या एका नियोजनकाराने १९६९ साली एक रीत पुस्तकातून मांडली, आणि ती आपल्या शाळेतली मुलेसुद्धा करू शकतील इतकी सोपी आहे. एकाच नकाशाचे पाच-सहा पातळ, आरपार दिसणारे कागद घ्यायचे. एकावर वारा आणि ऊन चांगले कोठे, ते रंगवायचे. दुसऱ्यावर उतार, दरडीची जागा, खडक. तिसऱ्यावर विहिरी, झरे, नाले. चौथ्यावर पशुपक्षी. पाचव्यावर माणसांचा वापर, म्हणजे गुरांची वाट, सरपण, देवराई, स्मशान, जत्रेचे मैदान. मग सारे कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे. वारा आहे आणि बाकीच्या खुणा थोड्या आहेत, अशी जी जागा दिसेल तिचा विचार पहिला करायचा. आज हेच काम संगणक करतो, आणि उपग्रह त्याला चित्रे पुरवतो. पण पाचवा कागद उपग्रहाला काढता येत नाही. त्याला गवत दिसते. ते गवत कोणाची गुरे खातात, हे त्याला दिसत नाही. तो कागद गावानेच काढायला हवा.

आणखी एक. प्रकल्पाची जागा म्हणजे केवळ कुंपणाच्या आतली जागा नव्हे. तिथवर रस्ता जातो, तिथून तारा निघतात. आपल्या सोलापूरकडे नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तो माळढोक पक्षी आज मुख्यतः राजस्थानच्या वाळवंटात थोडाफार उरला आहे. तिथे सूर्याची वीज वाहून नेणाऱ्या तारांवर आदळून तो मरतो. जड शरीराचा हा पक्षी. त्याला समोरचे नीट दिसत नाही. या तारांचा प्रश्न २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने आधी तारा जमिनीखालून नेण्यास सांगितले. २०२४ मध्ये तो हुकूम बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. वीजही हवी आणि पक्षीही हवा, मग तार कोठून न्यायची? तारा उभ्या राहिल्यावर हा प्रश्न सोडवणे किती महाग पडते, ते यावरून दिसते.

नुकसान आधी टाळावे, टाळता येत नसेल तर कमी करावे, झालेले भरून काढावे, आणि शेवटी भरपाई द्यावी, असा क्रम जाणते लोक सांगतात. आपल्याकडे पुष्कळदा शेवटचीच पायरी पहिली होते. सड्यावर रस्ता काढला, त्याबदली झाडे लावू, असे म्हणतात. अहो, गवताच्या माळावर झाडे लावणे ही भरपाई कशी? ते दुसरे नुकसान. त्यापेक्षा शाळांची छपरे, गोदामांची छपरे आधी पाहावीत. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात चंद्रासन येथे २०१२ साली कालव्यावरच सौरपट्टे बसवून एक मेगावॅटचा प्रकल्प केला. जमीन वाचली, आणि कालव्याला सावली मिळाली.

आता शिक्षक बंधूभगिनींना आणि ग्रामपंचायतीच्या सभासदांना थोडे कामाचे सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची एक समिती असते, आणि तिने लोकांच्या मदतीने "लोक जैवविविधता नोंदवही" ठेवायची असते. आपल्या गावी ती आहे का, कपाट उघडून पाहा. असेल तर वाचा. त्यात मेंढपाळाचे, वैदूचे, पाणी भरणाऱ्या बाईचे काही आले आहे का ते बघा. नसेल तर वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन सुरुवात करा. दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी गायरानावर जावे. पाणी कोठे आहे, कोणते गवत आले, कोणते पक्षी दिसले, किती गुरे चरत होती, कोणाची होती, एवढे लिहावे. तारीख घालावी. दोन वर्षांत तुमच्यापाशी त्या जमिनीची अशी माहिती होईल की जी बाहेरच्या कोणापाशी नसेल, आणि तीत पावसाळाही असेल.

ही वही उद्या उपयोगी पडते. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी जाहीर होते तेव्हा निदान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीत मागण्याचा हक्क तुम्हांला आहे. तो जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणीत कोणीही बोलू शकतो, आणि काय नोंदले ते शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. ते वाचल्याशिवाय उठू नका. बहुतेक सभांत आपण दोनच गोष्टी बोलतो, भाव किती आणि नोकऱ्या किती. त्या बोलाव्यातच. पण "या खळग्याचे पाणी आमच्या झऱ्याला जाते, ही पाहा दोन वर्षांची नोंद" असे कोणी उभे राहून म्हणाले, तर त्या वाक्याला लेखी उत्तर द्यावे लागते. नुसत्या "आमचा विरोध आहे" या शब्दांना तेवढे वजन येत नाही.

आणि जिथे सुनावणीच नाही, गायरानावर सौर प्रकल्प येणार आहे, तिथे ग्रामसभा आहेच. कदाचित तुमच्या वहीवरून असे दिसेल की गायरानाचा वरचा खडकाळ कोपरा द्यायला हरकत नाही, मात्र खालचा पाणथळ भाग सोडावा. तेही चांगलेच. गावाला वीज मिळेल आणि मेंढरांना माळ राहील. जमीन नीट पाहिली म्हणजे दरवेळी नकारच येतो असे नाही; होकारसुद्धा शहाणपणाने देता येतो.

येत्या पावसाळ्यात एक दिवस काढा. आपल्या सातबाऱ्यावर किंवा गावच्या नकाशावर जिथे पोटखराबा लिहिले आहे, तिथे मुलांना घेऊन जा. बरोबर गावातला एखादा जुना मेंढपाळ किंवा गुराखी असू द्या. त्याला बोलू द्या, आणि मुलांना लिहू द्या.